कपाटाची किल्ली

आमच्या वस्तीतल्या विहारात एक लोखंडी कपाट आहे. एका वर्षी भीमजयंतीच्या वर्गणीतून चार पैसे शिल्लक राहिले, त्यातून ते घेतले. वरच्या कप्प्यात महाराष्ट्र शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या 'लेखन आणि भाषणे' या मालेतले खंड, प्लास्टिकच्या वेष्टनासह. खालच्या दोन कप्प्यांत दहावी-बारावीची गाईडे, पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची पुस्तके. कपाटाला कुलूप आणि किल्ली समितीच्या काकांकडे. रविवारी वंदना झाली की आम्ही त्या कपाटाकडे अभिमानाने पाहत असू आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागत असू. तीन वर्षांत ते किती वेळा उघडले, हे एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी आमच्या थोरलीने काकांना सर्वांदेखत विचारले, "काका, यात एक तरी मजेचं पुस्तक आहे का?" ती तेव्हा सातवीत होती. काका जुन्या वळणाचे, कारखान्यातून निवृत्त झालेले, मनाने अतिशय चांगले. ते म्हणाले, "बाळ, पुस्तकं मजेसाठी नसतात. पुस्तकानं माणूस मोठा होतो." पोरगी म्हणाली, "मग मी मोठी झाले की उघडू."

लोक हसले. आम्ही तिला तिथेच दटावले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच डोक्यात घोळत राहिले. आमच्या घरात पुस्तकाचे नाव निघते ते फक्त दोन वेळा, परीक्षा आली की आणि १४ एप्रिल आला की. एरवी पुस्तक म्हणजे पोराला ओरडण्याचे साधन. मग पोराने त्याच्यावर प्रेम तरी कसे करावे?

आम्ही हिंजवडीत राहतो. हिंजवडी म्हटले की बाहेरच्या माणसाला काचेच्या इमारती, कंपन्यांच्या बसगाड्या आणि तास-तास न हलणारी वाहतूक आठवते. ते खोटे नाही. पण त्या इमारतींच्या पायात खडी वाहिलेली, त्यांच्या फरशा पुसणारी, दारावर बारा-बारा तास उभी राहणारी माणसेही इथेच राहतात, दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोल्यांत. आम्ही २००८ साली बीड जिल्ह्यातून आलो ते बांधकामावर. आता हे एका कंपनीच्या फाटकावर सिक्युरिटीत आहेत आणि आम्ही दुसऱ्या कंपनीत हाउसकीपिंगला. घरात सासूबाई, थोरली आणि पहिली-दुसरीच्या वयाचा धाकटा. आमच्या कंपनीत एका खोलीत भिंतभर पुस्तके मांडलेली आहेत. त्यांच्यावरची धूळ आम्ही रोज पुसतो. कुठले पुस्तक कुठे आहे हे पाठ झाले आहे, पण आत काय आहे ते ठाऊक नाही. सगळी इंग्रजी.

त्या रविवारनंतर आम्ही ठरवले की पोरीला खऱ्या वाचनालयात न्यायचे. सुटीच्या दिवशी मनपाची बस धरून शहरात गेलो. कुठल्या वाचनालयात, ते सांगत नाही. आधार कार्ड, भाडेकरार, अनामत रकमेची नोट, सगळे पिशवीत नीट ठेवले होते. अर्ज भरला. टेबलावरच्या गृहस्थांनी तो वाचला, आडनावावर क्षणभर थांबले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमच्या विषयाची पुस्तकं त्या कोपऱ्यातल्या कपाटात आहेत हं." पोरीने भुताच्या गोष्टीचे पुस्तक मागितले होते.

त्या कोपऱ्यातली पुस्तके आम्हाला परकी नाहीत. 'बलुतं' आहे, 'उपरा' आहे, ती आमच्या जिवाची आहेत. पण बारा वर्षांच्या मुलीला भुताची गोष्ट हवी असेल, तर तिला भुताची गोष्ट मिळाली पाहिजे. ती त्या कपाटापुढे दोन मिनिटे उभी राहिली आणि म्हणाली, "चल, घरी जाऊ." बसमध्ये औंधपर्यंत बोलली नाही. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आई, आपला विषय कोणता गं?" आम्हाला उत्तर सुचले नाही. त्या गृहस्थांच्या मनात वाईट असेल-नसेल, त्यांचे त्यांना ठाऊक. अर्ज मात्र तसाच परत आला, तो अजून पत्र्याच्या पेटीत आहे.

वाचकहो, याच पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. तिने चौदाव्या वर्षाच्या आसपास लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. तिची आणखी एक हकीगत सांगितली जाते. साहेबाने बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला, तेव्हा ती म्हणाली की आम्हाला खाऊ नको, शाळेला ग्रंथालय द्या. ही हकीगत आम्ही थोरलीला सांगितली. ती म्हणाली, "खाऊ पण घ्यायचा की!" त्यावर सासूबाई इतक्या हसल्या की ठसका लागला. आम्हालाही वाटले, पोरीचे काय चुकले? आपल्याला दोन्ही का नसावे?

बाबासाहेबांच्या लहानपणीची गोष्ट तर घरोघरी सांगितली जाते. सुभेदार रामजींनी लेकींचे दागिने गहाण टाकून भीमरावांना पुस्तके आणून दिली. पण त्यातला एक धागा आपण सांगताना गाळतो. ती पुस्तके शाळेची नव्हती. शाळेचा अभ्यास सोडून हा मुलगा भलतीच पुस्तके वाचतो, याचा सुभेदारांना रागही येत असे. तरी मागितलेले पुस्तक त्यांनी नाकारले नाही. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथेच केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर गेली आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बागेत बसून अवांतर वाचणाऱ्या मुलाला कोणी हाकलले असते, तर? आम्ही हे काकांपुढे मांडले. काका बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "यादी कर."

यादी करणे सोपे, पैसे आणणे अवघड. त्या वर्षी जयंतीच्या बैठकीत असा विषय निघाला की मिरवणुकीतला डीजे एक तास आधी बंद करावा आणि वाचलेल्या पैशांची गोष्टींची पुस्तके आणावीत. भांडण झाले. तरुण पोरे रागावली. एक जण म्हणाला, वर्षभर मान खाली घालून काम करतो, एक दिवस नाचतो, तो पण तासानं कमी करता? त्याचे म्हणणे आम्हाला खोटे वाटले नाही. शेवटी अर्ध्या तासावर तडजोड झाली. त्या अर्ध्या तासाची अप्पा बळवंत चौकातून एक्केचाळीस पुस्तके आली, काही नवी, बरीचशी जुनी. भांडणारा पोरगाच पिशव्या उचलायला बरोबर आला होता.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. 'पुस्तके दान करा' असा कागद आम्ही जवळच्या दोन-तीन सोसायट्यांच्या फाटकावर लावला. लोकांनी मनापासून दिली. खोकी भरून इंजिनिअरिंगची जुनी गाईडे, कोऱ्या डायऱ्या आणि 'यशस्वी मॅनेजर कसे व्हावे' छापाची इंग्रजी पुस्तके आली. काकांनी ती चार महिने जपून ठेवली. मग आम्ही सगळी रद्दीत घातली आणि त्या पैशांत 'फास्टर फेणे'चे चार भाग आले.

आता कोणाला काय आवडले ते सांगतो. ही आमच्या घरातली आणि वस्तीतली आवड आहे, कोणा विद्वानाचे मत नव्हे.

अगदी लहानांसाठी आमच्याकडे पहिला मान माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांना. 'राधाचं घर' हा छोट्या-छोट्या पुस्तकांचा संच आहे. त्यात राजा-राणी नाही, परी नाही. घरातली माणसे आहेत आणि चित्रे अशी की अक्षर न येणारे मूलही पान उलटत बसते. धाकटा तेव्हा नुकता बाराखडी गिरवीत होता. त्याने सासूबाईंना चित्रे दाखवून गोष्ट 'वाचून' दाखवली, पुस्तकात नसलेली. सासूबाईंना अक्षर येत नाही, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला तीच सांगितली. याच बाईंनी संपादित केलेले 'वाचू आनंदे' म्हणून संच आहेत, बालगटासाठी आणि कुमारगटासाठी. त्यात अनेक लेखकांचे वेचे आहेत. पैसे थोडे असतील आणि एकच काही घ्यायचे असेल, तर ते घ्या. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश' ही कवितांची पुस्तके मोठ्याने म्हणण्यासाठी आहेत. मनात वाचली तर निम्मी मजा जाते. आणि 'किशोर' मासिक. बालभारती १९७१ पासून ते काढते, किंमत गरिबाला परवडणारी. जुने अंक आता मोबाईलवर फुकट वाचता येतात. पण मोबाईल हातात दिला की पोरगा 'किशोर'वरून कुठे जाईल याचा नेम नाही, म्हणून आम्ही छापील अंकच आणतो.

जातककथा आपल्या घरात हव्यातच, असे म्हणून आपण आणतो आणि मग 'यापासून काय बोध घ्यावा' हे विचारून पोराला बेजार करतो. धाकट्याला आवडते ती सशाची. बेलाच्या झाडाखाली ससा पडला होता. वरून बेलफळ ताडाच्या पानावर आदळले. आवाज झाला, सशाला वाटले पृथ्वी कोसळली, आणि तो धावत सुटला. त्याच्यामागे दुसरे ससे, मग हरणे, डुकरे, म्हशी, वाघ, हत्ती. सगळे रान पळू लागले. शेवटी एका सिंहाने सगळ्यांना थांबवले, सशाला पाठीवर घेतले आणि म्हटले, चल, कुठे कोसळली ते दाखव. आमचा धाकटा या गोष्टीत प्रत्येक प्राण्यागणिक खोलीभर पळतो. खालचे भाडेकरू काठीने छत ठोकतात. बोध आम्ही अजून विचारलेला नाही.

जातकातल्या निवडक गोष्टी मराठीत आणणाऱ्यांत एक नाव होते चिं. वि. जोशी. होय, तेच, चिमणराव आणि गुंड्याभाऊचे जनक! हा माणूस बडोद्याला पाली शिकवीत असे आणि पालीचे धडे त्यांनी धर्मानंद कोसंबींकडे घेतले होते. बुद्धवचनाचा अभ्यासक आणि मराठीतला एवढा मोठा विनोदी लेखक एकाच कातडीत राहत होते, हे कळल्यावर आमच्या काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. 'चिमणरावांचे चऱ्हाट' त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून घेतले आणि तीन आठवडे परत केले नाही. त्यातले घर पेठेतले, आमच्यापेक्षा फार निराळे. पण नवराबायकोचे रुसवे आणि फजिती सगळीकडे सारखीच.

थोरलीची गोष्ट थोडी लांब आहे. शहरातल्या त्या दिवसानंतर ती पुस्तकाला हात लावीना. आम्ही समोर ठेवले की उठून जाई. 'फास्टर फेणे' आम्ही आणला तो तिच्यासाठी नव्हे असे दाखवून, खिडकीत टाकून ठेवला. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, आपल्या पुणे जिल्ह्यातला. पुण्याला बोर्डिंगात राहून शिकणारा, काटकुळा, सायकलवरून वाऱ्यासारखा जाणारा आणि जिभेने 'टॉक' करणारा. एके दिवशी संध्याकाळी कामावरून आलो, तर भाताचा कुकर करपलेला, आणि पोरगी खिडकीत. आयुष्यात पहिल्यांदा करपलेल्या भाताचा आनंद झाला. ती म्हणाली, "आई, फुरसुंगी कुठं आहे? बस जाते का?" पुस्तकातले गाव बसने जाता येते, याचे तिला भारी नवल वाटले. हिंजवडीची कोणी गोष्ट लिहिली आहे का, असे तिने विचारले. आम्ही म्हटले, तू लिही.

मग तिला हवी होती ती भुताची गोष्ट आली. नारायण धारपांचे पुस्तक. काकांनी आक्षेप घेतला, की बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आपण, भूतखेत मानत नाही आणि हे विहारात? थोरली म्हणाली, "मानत नाही म्हणूनच वाचायचं. मानणाऱ्यांनी वाचलं तर मरतील." पुस्तक कपाटात आले. त्या रात्री मात्र आमच्या खोलीतला दिवा सकाळपर्यंत चालू होता.

धारपांच्या शेजारी आम्ही मुद्दाम जयंत नारळीकरांना बसवले आहे. 'यक्षांची देणगी' हा त्यांचा विज्ञानकथांचा संग्रह १९७९चा, आणि अजून शिळा झालेला नाही. नारळीकर जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. विद्यापीठाच्या आवारात त्यांनी उभी केलेली 'आयुका' आमच्या बसच्या वाटेवर लागते. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात वारले. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकीगत थोरलीला फार आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी कथा पाठवली, ती नाव बदलून. जयंत विष्णू नारळीकरांनी आद्याक्षरे उलटी फिरवून 'नारायण विनायक जगताप' असे टोपणनाव घेतले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. आपल्या मोठ्या नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये, केवळ कथेला मिळावे, हा त्यामागचा हेतू. बक्षीस पहिलेच मिळाले. हे ऐकून थोरली थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्यांनी नाव लपवलं तर पहिला नंबर. आपण खरं लिहिलं तर कोपऱ्यातलं कपाट." बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ सालचा. ती दहावीला गेली की तिच्या हाती देणार आहोत. तो मजेचा नाही, हे आधीच सांगून.

त्याच वयाच्या मुलामुलींना प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' द्या. लंपन नावाच्या मुलाच्या या गोष्टी वाचताना मोठ्यांनाही आपले बालपण आठवेल. वस्तीतली पोरे 'दुनियादारी'साठी नंबर लावून आहेत. सुहास शिरवळकरांची ही पुण्यातली कॉलेजची कादंबरी. सिनेमा आल्यापासून मागणी फारच वाढली. आमच्याकडे एकच प्रत आहे आणि तिची मधली आठ पाने कोणीतरी पळवली आहेत.

मोठ्यांचे सांगायचे तर आधी आमच्या यांच्यापासून सुरुवात करावी लागेल. हे आठवीपर्यंत शिकले. फाटकावर दिवसभर गाडीचे नंबर आणि माणसांची नावे वहीत लिहितात, अक्षर मोत्यासारखे. पण मोठ्याने वाचायला सांगा, घाम फुटतो. शाळेत वाचताना अडखळले की गुरुजी उभे करीत, त्याची भीती चाळिशी आली तरी गेली नाही. पोरांपुढे वाचायचे म्हणजे तर लाजच. हे आम्हाला लग्नाला चौदा वर्षे झाल्यावर कळले.

त्यावर उपाय सापडला तो द. मा. मिरासदारांत. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगाव फिरून व्यासपीठावरून कथा सांगत असत. म्हणून असेल, त्यांच्या कथा जिभेवर चटकन बसतात. वाक्ये छोटी, बोलणे गावचे. 'व्यंकूची शिकवणी' ही ढ मुलाला शिकवण्याची कथा यांनी एका रविवारी हळूहळू, बोट ठेवून वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर यांनाच हसू आवरेना. अडखळले ते हसण्याने की अक्षराने, हे पोरांना कळलेच नाही. आता रविवारी रात्री वाचण्याचे काम त्यांचे. शंकर पाटलांचे 'धिंड' दोनदा झाले. 'बनगरवाडी' चालू आहे. धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची ही कादंबरी १९५५ची. वाचताना सासूबाई मध्येच गुरांची, दुष्काळाची, १९७२ सालच्या खडी फोडण्याची गोष्ट सुरू करतात आणि पुस्तक तिथेच थांबते.

यांच्या जोडीदारांसाठी, म्हणजे रात्रपाळीच्या माणसांसाठी, बाबुराव अर्नाळकर. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांनी एके काळी महाराष्ट्र जागा ठेवला. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या या माणसाने. थोर साहित्य आहे का, ते आम्हाला सांगता येणार नाही. पण पहाटे तीन वाजता खुर्चीत झोप लागली तर पगार कापला जातो, आणि अर्नाळकर झोपू देत नाहीत.

आता आपली पुस्तके. ती केवळ रडण्यासाठी आहेत असा आपलाच समज झाला आहे. वसंत मून यांचे 'वस्ती' वाचा. ज्यांनी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड संपादित केले, त्याच मूनसाहेबांचे हे आत्मकथन, १९९५चे. नागपूरची वस्ती, तिथले पैलवान, खेळ, समता सैनिक दल, सण-समारंभ. त्यात हाल आहेत, पण माणसे काय उमेदीची! अण्णा भाऊंची 'फकिरा' १९५९ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. ती आपण भाषणात पुष्कळ वेळा ऐकतो. पण एकदा दुपारी चहा ठेवून ती कादंबरी म्हणून वाचा, घोड्याच्या टापांचा आवाज कानात बसतो. नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३चे. फारसे न शिकलेल्या बापाने निवृत्तीनंतर वहीत लिहिलेल्या आठवणी त्यात आहेत. ते पुस्तक यांनी स्वतःहून मागून घेतले. वाचून झाल्यावर दुकानातून दोनशे पानी वही आणली आहे. वहीत काय लिहितात ते आम्ही पाहत नाही.

सासूबाईंना आम्ही शांताबाई कांबळ्यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' वाचून दाखवले. आम्ही मनाची तयारी केली होती की म्हातारी रडेल, तिला धीर द्यावा लागेल. कसले काय! ती मध्ये-मध्ये मान हलवायची, "हां, अस्संच," म्हणायची आणि भलत्याच ठिकाणी हसायची. एकदा तर म्हणाली, "हे चुकलंय. आमच्याकडं असं नव्हतं." मग आपले सांगायला लागली. या सासूबाई २००८ पासून आमच्याबरोबर एका खोलीत राहतात, आणि त्यांनी सांगितलेले निम्मे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. बेबीताई कांबळ्यांचे 'जिणं आमुचं' त्यानंतर घेतले. फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसून, माल बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रे वाचता-वाचता या बाईंना वाचनाची गोडी लागली. नवऱ्यापासून लपवून त्यांनी लिहिले. ते १९८६ साली पुस्तक झाले. हे ऐकल्यावर सासूबाई पुड्यांचे कागद फेकू देत नाहीत, सरळ करून धाकट्याला देतात, "यात काय लिवलंय, बघ." त्यात बहुतेक वेळा सोन्याच्या दुकानाची जाहिरात असते. तो तीही वाचतो.

एक राहिलेच. धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन'. गोव्याच्या खेड्यातल्या या तरुणाने 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्या ओढीने घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा हिंडला. जवळ पैसा नाही, खायची भ्रांत. धार्मिक पुस्तक म्हणून वाचू नका, प्रवासाचे म्हणून वाचा. आमच्या काकांनी ते वाचून देहूरोडच्या विहारापर्यंत पायी जायचा बेत केला आहे. तिथली बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बसवली. गुडघे साथ देतील का, हा प्रश्न आहे.

तुमच्या भागात वाचनालय असेल तर तिथे जा. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. मान्यताप्राप्त वाचनालये सरकारी अनुदान घेतात, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशांवर चालतात. वर्गणी फार नसते. वाचून परत दिलेल्या पुस्तकाला घरात जागाही लागत नाही, आणि दहा बाय बाराच्या खोलीत ही गोष्ट लहान नाही. आवडले नाही तर वीस पानांवर सोडून द्यायचीही मुभा. विकत घेतलेले असे सोडवत नाही, पैसे आठवतात. आणि सवड काढून एकदा पाचगणीजवळच्या भिलारला पोरांना न्या. २०१७ साली ते पुस्तकांचे गाव म्हणून जाहीर झाले. लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तके मांडली आहेत. कोणीही आत जावे, बसावे आणि फुकट वाचावे. आम्ही गेल्या दिवाळीत गेलो. थोरली एका परक्या माणसाच्या पडवीत चार तास बसली. त्या घरच्या आजींनी तिला नाव विचारले, आडनाव विचारले नाही. पाणी दिले आणि आत निघून गेल्या.

कपाटात आता एकशे तीस पुस्तके आहेत. खंडांचे प्लास्टिक काढले. तीन पुस्तके फाटली, दोन हरवली, एकावर वरणाचा डाग आहे. काकांनी त्याचा दंड लावला नाही. किल्ली अजून त्यांच्याकडेच असते, पण रविवारी वंदना सुटल्यापासून अकरापर्यंत कपाट उघडे. नोंदवही थोरली सांभाळते. तिथे फक्त नाव आणि पुस्तक लिहायचे, तिसरा रकाना तिने पट्टीने रेघ मारून बंद केला आहे. दहावीची परीक्षा झाली की शहरातल्या त्या वाचनालयात पुन्हा जायचे, असे ती म्हणते. मागायच्या पुस्तकांची यादी तयार आहे. पहिले नाव 'दुनियादारी', कारण आमच्या प्रतीत ती आठ पाने नाहीत. 'फकिरा' सध्या आमच्याकडे आहे. पुढच्या रविवारी जमा करतो.